ट्रकच्या डिझेल पंपाचे टायमिंग : हात केव्हा लावावा, केव्हा लावू नये



गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या आवारात दोन गोष्टींची चर्चा सारखी कानावर येते. एक उताऱ्याची आणि दुसरी गाड्यांची. कुणाची गाडी फडातून निघालीच नाही, कुणाची घाटात बसली, तर कुणाची गाडीतळावर नंबर आला तरी चालू होईना. आपल्यापैकी बऱ्याच सभासदांच्या घरचा ट्रक किंवा ट्रॅक्टर ऊसवाहतुकीला लागलेला असतो. ज्यांच्या घरी गाडी नाही त्यांचा ऊस तरी दुसऱ्याच्या गाडीत असतोच. तेव्हा गाडीचे दुखणे हे एकट्या गाडीवाल्याचे नव्हे, आपणा सर्वांचे आहे.

या दुखण्यांत 'पंपाचे टायमिंग' हा शब्द फार ऐकू येतो. गाडी ओढत नाही, टायमिंग बघा. धूर सोडते, टायमिंग बघा. डिझेल जास्त खाते, टायमिंग पुढे घ्या. हे टायमिंग म्हणजे नेमके काय, ते चुकले तर काय होते, आणि ते तपासण्याची खरी रीत कोणती, हे या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. लेख वाचून प्रत्येकाने पाना हातात घ्यावा असा हेतू नाही. उलट, मिस्त्री पंपाला पाना लावू लागला की मालकाने कोणते चार प्रश्न विचारावेत, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

एक घडलेली गोष्ट

आमच्या ओळखीच्या एका सभासदाचा सहा सिलिंडरचा जुना ट्रक ऊसवाहतुकीला होता. ऐन जानेवारीत गाडी चढाला ओढेनाशी झाली, काळा धूर सोडू लागली. ड्रायव्हरने रस्त्यावरच्या एका मिस्त्रीला गाठले. "मिस्त्री, जरा पंप पुढं घ्या की. चढाला गाडी वढतच न्हाई." मिस्त्रीने पंपाचे नट सैल केले, पंप अंदाजाने फिरवला, नट आवळले. खूण पाहिली नाही, माप घेतले नाही. इंजिनाचा आवाज कडक झाला, पिकअप आल्यासारखा वाटला. मालकही खूश झाले.

दोन आठवड्यांनी रात्री भरल्या गाडीसह इंजिन रस्त्यात बसले. खोलून पाहिले तर हेड गॅस्केट गेलेली आणि एका पिस्टनचा माथा जळालेला. तो ऊस दुसऱ्या गाडीत भरून कारखान्यावर यायला दीड दिवस गेला. मूळ दोष काय होता? एअर फिल्टर धुळीने आणि पाचटाच्या भुशाने गच्च भरलेला होता, आणि दोन नोझल गळके निघाले. त्यांवर इलाज झालाच नाही. उलट गळक्या नोझलचा आणि लवकरच्या टायमिंगचा दुहेरी मार त्या पिस्टनवर बसला. फिल्टर साफ करायला अर्धा तास लागला असता. इंजिन बांधायला पंधरा दिवस गेले आणि हंगामातली कमाई त्यातच गेली.

ही गोष्ट आम्ही कुणाला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. रस्त्यावरच्या मिस्त्रींनी आपल्या कितीतरी गाड्या रात्री-अपरात्री चालू करून दिलेल्या आहेत. पण अंदाजाने टायमिंग फिरवण्याची सवय घातक आहे, एवढेच ध्यानात यावे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते

पेट्रोल इंजिनात प्लगच्या ठिणगीने पेट्रोल पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नाही. पिस्टन नुसती हवा आत घेतो आणि ती सोळा-सतरा पटीने दाबतो. सायकलला हवा भरताना पंपाचे बूड तापते हे आपण पाहिले आहे. तसेच येथे होते, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. दाबलेली हवा 500 अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की डिझेल आपोआप पेटते.

हा फवारा मारण्याचे काम पंप आणि नोझल मिळून करतात. पंपातला कॅम वर येतो, तो प्लंजरला ढकलतो, प्लंजर डिझेल दाबतो आणि ते लोखंडी नळीतून नोझलकडे जाते. जुन्या ट्रकमध्ये नोझल साधारण 200 किलोच्या आसपास दाबाला उघडतो. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर दोन क्विंटल ओझे आल्यासारखे.

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन जर्मनीत आउग्सबुर्ग येथे 1897 साली यशस्वी झाले. त्यात इंधन आत ढकलण्यासाठी दाबलेली हवा लागे आणि त्यासाठी वेगळा जड कॉम्प्रेसर लागे. असले धूड ट्रकवर बसवणे अवघड होते. 1927 मध्ये बॉश कंपनीने डिझेलच्या पंपाचे घाऊक उत्पादन सुरू केले आणि ट्रकला डिझेल इंजिन बसवण्याचा रस्ता मोकळा झाला. आपल्याकडे 1951 मध्ये बंगलोर येथे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच 'मायको', स्थापन झाली. 2008 मध्ये या कंपनीचे नाव बॉश झाले, तरी जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अजून 'मायकोचा पंप' हाच शब्द आहे.

पंपाला दोन कामे अचूक करावी लागतात. एक, डिझेलचे माप. दुसरे, डिझेल सोडण्याची वेळ. माप म्हणजे प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल द्यायचे. वेळ म्हणजे केव्हा द्यायचे. या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत, त्यांची गल्लत करू नये. पंपाचे सील तोडून डिझेल वाढवणे म्हणजे मापात हात घालणे. पंप फिरवणे म्हणजे वेळेत हात घालणे. टायमिंग म्हणजे ही वेळ.

वेळेचा हिशेब

आता कुणी म्हणेल, पिस्टन अगदी वर आला की फवारा मारावा, त्यात अवघड ते काय? अडचण अशी की डिझेल पडल्या पडल्या पेटत नाही. त्याचे बारीक थेंब हवेत मिसळायला, तापायला आणि पेट घ्यायला थोडा वेळ लागतो. हा वेळ साधारण एका सेकंदाचा हजारावा भाग धरू. डोळ्याच्या पापणीलाही याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. पण इंजिनाच्या दृष्टीने तो थोडा नाही.

इंजिन मिनिटाला 2,400 फेरे घेत असेल तर सेकंदाला 40 फेरे होतात. एका फेऱ्याचे 360 अंश, म्हणजे सेकंदाला 14,400 अंश. सेकंदाच्या हजाराव्या भागात क्रँक 14 अंशांहून जास्त फिरलेला असतो. म्हणून पिस्टन वरच्या टोकाला, ज्याला मिस्त्री टीडीसी म्हणतात, पोचण्यापूर्वीच फवारा सुरू करावा लागतो. जुन्या ट्रक इंजिनांत हा आकडा साधारण 18 ते 28 अंशांच्या दरम्यान असतो. मात्र प्रत्येक इंजिनाचा आकडा वेगळा असतो. तो कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

इंजिन हळू फिरत असले तर त्याच वेळात क्रँक कमी अंश फिरतो. 1,200 फेऱ्यांना 7 अंशच. म्हणून बऱ्याच पंपांच्या तोंडाशी एक गोल डबी असते, तिच्यात वजने आणि स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजने बाहेर फाकतात आणि टायमिंग आपोआप पुढे जाते. तिला टायमर म्हणतात. तिच्यातल्या स्प्रिंगा मेल्या किंवा वजने अडकली तर गाडी एका वेगाला बरी आणि दुसऱ्या वेगाला वाईट चालते.

आणखी एक बाब फार महत्त्वाची आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा पंप एकच घेतो. म्हणून पंपावरचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन अंश. पंपाच्या मध्यापासून 60 मिलिमीटरवरची खूण एक मिलिमीटर सरकली, तर पंपाचा जवळजवळ एक अंश फरक पडतो आणि इंजिनाच्या हिशेबात दोन अंश. 'थोडासा फिरवला' असे मिस्त्री म्हणतो तेव्हा तो थोडासा म्हणजे चार-सहा अंशही असू शकतो.

लवकर झाले तर, उशिरा झाले तर

नागपंचमीचा झोका आठवावा. झोका आपल्याकडे येत असतानाच ढकलला तर तो अडतो आणि ढकलणाऱ्याच्या हाताला हिसका बसतो. निघून गेल्यावर ढकलला तर जोर फुकट जातो. टोकाला येऊन परतताना ढकलला तरच झोका उंच जातो. इंजिनात पिस्टन म्हणजे झोका आणि डिझेलचा स्फोट म्हणजे ढकलणे.

टायमिंग लवकर झाले, म्हणजे ॲडव्हान्स झाले, तर पिस्टन वर येत असतानाच त्याच्या डोक्यावर दाब बसतो. इंजिन 'टणटण' असा कडक ठोका देते. चालू करताना उलटा हिसका बसतो. पिस्टनचा माथा, रिंगा, बेअरिंग आणि हेड गॅस्केट यांवर भलताच ताण येतो. या कडक आवाजालाच पुष्कळ जण पिकअप समजतात. तो पिकअप नव्हे, ती इंजिनाची तक्रार आहे.

टायमिंग उशिरा झाले, म्हणजे रिटार्ड झाले, तर पिस्टन खाली जाऊ लागल्यावर डिझेल जळते. जोर पिस्टनला न मिळता सायलेन्सरमधून बाहेर जातो. गाडी चढाला ओढत नाही, इंजिन मऊ आवाज देते, पाणी तापते, सायलेन्सरचा मॅनिफोल्ड लाल होण्यापर्यंत तापतो आणि डिझेल जास्त लागते. थंडीच्या सकाळी इंजिन उशिरा चालू होते आणि पांढरा धूर सोडते.

टायमिंग आपोआप हलते का?

चांगल्या बसवलेल्या पंपाचे टायमिंग सहसा रातोरात हलत नाही. ते बदलण्याची कारणे मोजकी आहेत. कपलिंगचे बोल्ट सैल होणे, कपलिंग किंवा टायमिंग गिअर झिजणे, शाफ्टची चावी कातरली जाणे, पंपाचे कॅम-टॅपेट झिजणे, किंवा दुरुस्तीनंतर पंप चुकीच्या खुणेवर बसवणे. यांपैकी काही झालेले नसेल आणि गाडी बिघडली असेल, तर दोष बहुधा दुसरीकडे असतो. म्हणून टायमिंगचा नट हा शेवटी सैल करायचा नट आहे, पहिला नव्हे.

त्याआधी पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

1. एअर फिल्टर. उसाच्या रस्त्यावर धूळ फार. काळ्या धुराचे हे पहिले कारण.

2. डिझेल फिल्टर आणि टाकीतले पाणी. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून पाणी काढावे.

3. लाइनमध्ये हवा शिरली आहे काय. इंजिन चालता चालता मरत असेल तर हा संशय आधी घ्यावा.

4. नोझल. गळतात काय, फवारा सारखा आहे काय, हे नोझल टेस्टरवर पाहावे.

5. टॅपेटचे अंतर आणि कॉम्प्रेशन.

6. क्लच घसरतो काय, ब्रेक धरून राहतो काय. गाडी ओढत नाही याचे कारण कित्येकदा इंजिनात नसतेच.

7. आणि गाडीतला माल. क्षमतेबाहेर ऊस भरला तर कोणतेही टायमिंग त्या गाडीला चढ चढवणार नाही.

धुराच्या रंगावरूनही अंदाज बांधता येतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, किंवा सिलिंडरमध्ये पाणी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. निळ्या धुराला टायमिंग फिरवून काहीही उपयोग नाही.

टायमिंग तपासण्याची रीत

एका ओळीत सहा प्लंजर असलेल्या जुन्या पंपाचे टायमिंग ज्या रीतीने तपासतात तिला 'स्पिल' पद्धत म्हणतात. तिचे टप्पे थोडक्यात असे.

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत, बॅटरीची तार काढावी, आणि पंप बाहेरून डिझेलने धुऊन पुसून घ्यावा. पंपात गेलेला धुळीचा एक कणही एलिमेंट खराब करतो.

एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणावा. टॅपेट कव्हर काढून पाहिले असता सहा नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलत असतील आणि एक नंबरचे दोन्ही टॅपेट ढिले असतील, तर एक नंबर कॉम्प्रेशनवर आहे असे समजावे. ही खात्री न केल्यास सारे काम एका फेऱ्याने चुकते.

मग पंपाच्या एक नंबरची नळी सोडून तेथील डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून स्वच्छ डिझेलमध्ये ठेवावी. होल्डर परत बसवून त्यावर बदकाच्या मानेसारखी वाकडी नळी लावावी. स्टॉपचा दांडा 'चालू' स्थितीत आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा. हातपंपाने डिझेल सोडले की वाकड्या नळीतून धार लागते.

आता इंजिन त्याच्या चालण्याच्या दिशेनेच हाताने हळूहळू फिरवावे. प्लंजर वर येऊन डिझेलचे छिद्र बंद करू लागला की धार तुटते, थेंब पडू लागतात आणि मग थेंबही थांबतो. थेंब थांबला तो क्षण म्हणजे फवारा सुरू होण्याचा क्षण. त्या वेळी फ्लायव्हीलवरची अंशाची खूण दर्शकासमोर असली पाहिजे. खूण पुढे गेली तर तेवढेच मागे फिरवून चालत नाही. गिअरमध्ये ढिलाई असते, म्हणून पाव फेरा मागे घेऊन पुन्हा पुढे यावे.

फरक आढळला तर पंपाचे किंवा कपलिंगचे बोल्ट सैल करून दुरुस्ती करतात. पंपाचे अंग त्याच्या शाफ्टच्या फिरण्याच्या उलट दिशेला फिरवले की टायमिंग लवकर होते, फिरण्याच्या दिशेला फिरवले की उशिरा होते. बोल्ट आवळल्यावर इंजिनाचे दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा तपासलेच पाहिजे, कारण आवळताना पंप सरकतो. शेवटी डिलिव्हरी व्हॉल्व्ह बसवून लाइनमधली हवा काढावी. पहिल्यांदा चालू करताना एअर फिल्टरच्या नळीजवळ एक माणूस जाड फळी घेऊन उभा असावा. पंपाची पट्टी अडकून इंजिन सुसाट सुटले, तर फळीने हवा बंद करून ते मारता येते. हात किंवा फडके तेथे लावू नये.

एक इशारा. नोझलचा फवारा कधीही हातावर घेऊन पाहू नये. तो कातडीतून आत घुसतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण आतले मांस सडते आणि बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. असे झाल्यास दुखत नसले तरी ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जावे आणि डिझेल दाबाने आत गेले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

नव्या गाड्यांबद्दल

वरील सर्व मजकूर यांत्रिक पंपाच्या जुन्या ट्रकला लागू आहे. ट्रॅक्टरमध्येही यांत्रिक पंप पुष्कळ आहेत, पण काहींचा पंप गोल, एकाच प्लंजरचा असतो आणि त्याची रीत वेगळी असते. 1 एप्रिल 2017 पासून देशभर बीएस-4 आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानके नव्या ट्रकना लागू झाली. बीएस-6 ट्रकमध्ये 'कॉमन रेल' असते. पंप फक्त दाब तयार करतो. फवारा केव्हा आणि किती, हे संगणक ठरवतो. तेथे पंप फिरवून टायमिंग बदलण्याचा प्रश्नच नाही. शिवाय दाब हजार किलोच्या पुढे असतो. चालू इंजिनाची नळी सैल करून हवा काढण्याची जुनी सवय तेथे जिवावर बेतेल.

हिशेब आपल्याच खिशाचा

समजा, फड 40 किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन 80 किलोमीटर. गाडी लिटरला 4 किलोमीटर देत असेल तर 20 लिटर डिझेल लागते. तीच गाडी साडेतीनवर आली तर जवळजवळ 23 लिटर लागते. रोज एक खेप धरली आणि हंगाम 120 दिवस चालला, तर सुमारे 340 लिटर डिझेल जास्त जळते. हे एका गाडीचे झाले.

तोडणी आणि वाहतुकीचा खर्च शेवटी उसाच्या दरातूनच वजा होतो, हे आपण जाणतोच. त्यात गाडी रस्त्यात बसली तर तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, साखर उतरते. तोडल्यापासून 24 तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा असे आपण म्हणतो, ते साधते गाड्या धड असल्या तरच.

म्हणून आमची सभासदांना विनंती आहे. बॉयलर पेटण्यापूर्वी, दसऱ्याच्या सुमारास, गाडीचे नोझल आणि पंप चांगल्या ठिकाणी तपासून घ्या. टायमिंग बरोबर असताना पंपावर आणि इंजिनावर मिळून एक बारीक रेघ मारून ठेवा. पुढे कुणी पंप हलवला तर ती रेघच सांगेल. गाडीचा अंशाचा आकडा वहीत लिहून ड्रायव्हरजवळ द्या. आणि हंगामात कुणी पंपाला पाना लावू लागला तर विचारा : फिल्टर पाहिला का? नोझल पाहिले का? या इंजिनाचा आकडा किती? खूण कुठे आहे? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली तर खुशाल काम करू द्या. न मिळाली तर पाना खाली ठेवायला सांगा.